संदर्भसंख्या आणि संशोधनाचा कस : कंडरा-दुखापतींच्या अभ्यासाचे एक उदाहरण

शास्त्रीय वाङ्मयात एखाद्या निबंधाचा निर्देश उत्तरकालीन लेखकांनी किती वेळा केला, यावरून त्या निबंधाचे मोल ठरविण्याची प्रथा आता रूढ झाली आहे. नेमणुका, बढत्या, अनुदाने आणि नियतकालिकांची प्रतिष्ठा यांच्या हिशेबात हा आकडा हटकून डोकावतो. परंतु त्याचा जन्म मोल ठरविण्यासाठी झालेला नव्हता. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात संदर्भसूचीची कल्पना मांडली, तेव्हा त्यांच्यापुढे मुख्यतः वाचकाची अडचण होती. एखाद्या निबंधावर पुढे कोणी आक्षेप घेतला, त्यातील माहिती कोणी दुरुस्त केली, हे अभ्यासकास सहज कळावे आणि वादग्रस्त ठरलेली माहिती डोळे मिटून उद्धृत करण्याची सवय सुटावी, हा त्यांचा एक प्रमुख हेतू होता. जे साधन आंधळ्या निर्देशास आळा घालण्यासाठी कल्पिले गेले, त्याच साधनातून निघालेली संख्या पुढे गुणवत्तेचे प्रमाणपत्र होऊन बसली. शास्त्राच्या इतिहासातील हा एक चमत्कारिक उलटफेर होय.

संदर्भसंख्येवरून संशोधनाची विश्वसनीयता ताडता येते काय, या प्रश्नाचे उत्तर सर्व शास्त्रांत एकच असेल असे नाही. कंडरांच्या दुखापतींच्या अभ्यासापुरते ते शोधावयास मात्र चांगली सामग्री उपलब्ध आहे. कारण या क्षेत्रातील संशोधकांनी आपल्याच वाङ्मयाची कसून तपासणी केली आहे. ती तपासणी आणि काही प्रसिद्ध निबंधांचा पुढील इतिहास यांच्या आधारे या प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

कंडरेचा स्वभाव आणि संशोधकाची अडचण

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी, मुख्यतः कोलॅजेन तंतूंची बनलेली चिवट दोरी. टाचेमागील अकिलीझ कंडरा ही मानवी शरीरातील सर्वांत जाड व बळकट कंडरा मानली जाते. उड्या मारणाऱ्या खेळाडूंत गुडघ्याच्या वाटीखालील कंडराही वारंवार दुखावते. स्नायूच्या मानाने कंडरेचा रक्तपुरवठा कमी असतो आणि तिची झीज भरून येण्यास आठवडे नव्हे, तर महिने लागतात.

या मंद स्वभावामुळे उपचाराचा परिणाम मोजणे फार अवघड होते. जुनाट कंडरादुखी एकसारखी राहत नाही. ती चढते आणि उतरते. दुखणे शिगेला पोहोचले म्हणजे रोगी वैद्याकडे येतो. तेथून पुढे काहीही केले, अथवा काहीही केले नाही, तरी पुष्कळांचे दुखणे काही अंशी उतरणारच. त्यातच बहुतेक उपचारांच्या जोडीला विश्रांती आणि व्यायामही असतो. शिवाय वेदना ही रोग्याने सांगावयाची गोष्ट आहे. क्ष-किरणांनी टिपावयाची नव्हे. म्हणून तुलनेसाठी दुसरा गट नसेल, रोग्यांची विभागणी यदृच्छेने केलेली नसेल आणि उपचार करणाराच निकाल लिहीत असेल, तर यशाचा आकडा फुगण्यास कोणाचा खोटेपणा लागत नाही. केवळ आशावाद पुरतो.

एक कसोटी आणि तिचा अनपेक्षित निष्कर्ष

गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेवर केलेल्या शस्त्रक्रियांचे निष्कर्ष पाहू जाता यशाचे प्रमाण कोठे ४६ टक्के, तर कोठे थेट १०० टक्के दिलेले आढळते. एकाच व्याधीवरील शस्त्रक्रियेचे फळ इतके भिन्न कसे, या प्रश्नातून ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या कंडरा-अभ्यासगटाने २००० साली एक चिकित्सा प्रसिद्ध केली. कोलमन, खान, मफुली, कुक आणि वार्क हे तिचे लेखक. त्यांनी शस्त्रक्रियेचे निकाल बाजूस ठेवून प्रत्येक अभ्यासाच्या पद्धतीला शंभरापैकी गुण दिले. ही गुणपद्धती पुढे कोलमन यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

तिच्यात दहा निकष आहेत. रोग्यांची संख्या ६० हून अधिक असल्यास १० गुण, २० हून कमी असल्यास शून्य. यादृच्छिक विभागणी करून घेतलेल्या चाचणीस १५ गुण, आधी योजना आखून नंतर रोग्यांचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासास १० आणि जुन्या नोंदी चाळून केलेल्या अभ्यासास शून्य. मागोव्याचा काळ, निदानाची खात्री, शस्त्रक्रियेचे व तदुत्तर व्यायामाचे वर्णन यांनाही गुण आहेत. हे सर्व मिळून ६० होतात. उरलेले ४० गुण निकाल कसा मोजला यासाठी राखलेले आहेत : मोजमापाची साधने भरवशाची होती काय, निकाल शस्त्रवैद्याहून भिन्न अशा व्यक्तीने नोंदला काय, रोग्याने आपले उत्तर स्वतः लिहून दिले काय, आणि अभ्यासात कोणाला घेतले व कोणाला वगळले हे सांगितले आहे काय.

हे गुण आणि त्या त्या अभ्यासाने सांगितलेले यश यांची तुलना केली असता सहसंबंध गुणांक उणे ०.५७ आला. याचा अर्थ असा की, पद्धती जितकी ढिली, तितके सांगितलेले यश मोठे. गुणांकाचा वर्ग केल्यास सुमारे ०.३२ येतो, म्हणजे निरनिराळ्या अभ्यासांतील यशाच्या आकड्यांत जो फरक दिसतो, त्याच्या जवळजवळ एक-तृतीयांशाशी पद्धतीच्या गुणांचा संबंध जोडता येतो. पुढील वर्षी, २००१ साली, टॅलन, कोलमन, खान आणि मफुली यांनी जुनाट अकिलीझ-व्याधीवरील शस्त्रक्रियेच्या २६ अभ्यासांना हीच कसोटी लावली. तेथेही पद्धतीचे गुण आणि यशाचे प्रमाण यांचा संबंध उलटाच निघाला.

यामागील कारण फारसे गूढ नाही. ज्याने शस्त्रक्रिया केली, त्यानेच वर्षाअखेर आपल्या खोलीत रोग्याला “आता कसे आहे?” असे विचारले, तर भिडस्त रोगी काय उत्तर देईल हे सांगावयास नको. जे रोगी परत आलेच नाहीत, त्यांत असमाधानी किती होते हे नोंदवहीवरून कळत नाही. जुन्या नोंदींतून रोगी निवडताना ज्यांची कागदपत्रे पूर्ण, ज्यांचा मागोवा नीट, असेच निवडले जातात आणि तेच बहुधा बरे झालेले असतात. हे दोष दूर करीत गेले म्हणजे यशाचा आकडा हळूहळू खाली येतो.

तथापि, या निष्कर्षाचाही अर्थ तारतम्यानेच लावावयास हवा. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. गुण देणाऱ्यांना प्रत्येक निबंधाचा निकाल ठाऊक होता की नाही, याही गोष्टीला महत्त्व आहे. निबंधांची संख्या थोडी असली म्हणजे एखाददुसऱ्या निबंधाने गुणांक हलू शकतो. परंतु दोन भिन्न कंडरांच्या बाबतीत एकाच दिशेचा निष्कर्ष यावा, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी खासच नाही.

कालाचा दुहेरी परिणाम

वरील दोन्ही चिकित्सांत आणखी एक गोष्ट आढळली. प्रसिद्धीचे वर्ष जितके अलीकडचे, तितके पद्धतीचे गुण अधिक. गुडघ्याच्या कंडरेच्या बाबतीत हा सहसंबंध ०.६८ इतका होता. संशोधनाची पद्धती सुधारत आहे, या दृष्टीने ही समाधानाची बाब होय. परंतु संदर्भसंख्येचा विचार करू लागताच याच समाधानातून एक अडचण निर्माण होते.

निबंधाचे निर्देश काळानुरूप साचत जातात. तीस वर्षांपूर्वीच्या निबंधाला तीस वर्षांची संधी मिळालेली असते. गतवर्षीच्या निबंधाला एका वर्षाची. त्यातच ज्याचा निर्देश पूर्वी झाला, त्याचाच पुनः होतो. कारण नवा लेखक जुन्या लेखकाच्या संदर्भसूचीतूनच आपली वाट शोधतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली शास्त्रज्ञांच्या कीर्तीसंबंधी अशीच प्रवृत्ती दाखवून दिली होती : ज्याच्यापाशी आहे, त्यालाच आणखी मिळते. आता ज्या क्षेत्रात जुन्या निबंधांची पद्धती सामान्यतः कच्ची आहे आणि कच्च्या पद्धतीतून यश मोठे दिसते, तेथे केवळ संख्येच्या आधारे निबंध निवडले तर काय होईल? निवड जुन्याकडे, कच्च्याकडे आणि आशादायकाकडे झुकण्याचा संभव राहील. हे अनुमान आहे, मोजमाप नव्हे. आणि प्रत्येक निबंधास ते लागू पडेल असेही नाही. परंतु संख्येला प्रमाण मानण्यापूर्वी या तीन प्रवृत्तींचा विचार केलाच पाहिजे.

दोन प्रसिद्ध निबंधांचा पुढील इतिहास

स्वीडनमधील उमेओ येथील आल्फ्रेडसन आणि त्यांचे सहकारी यांचा १९९८ सालचा निबंध कंडरांच्या वाङ्मयात अतिशय प्रसिद्ध आहे. टाच खाली उतरवीत, म्हणजे पोटरीचा स्नायू ताणला जात असताना, भार झेलण्याचा व्यायाम त्यात सांगितला आहे. पंधरा हौशी खेळाडूंनी तो बारा आठवडे केला आणि ते सर्व पूर्ववत धावू लागले. तुलनेस तितकेच दुसरे रोगी होते. त्यांना विश्रांती, वेदनाशामके इत्यादी नेहमीचे उपचार दिले होते. त्यांच्यापैकी एकालाही गुण आला नव्हता आणि अखेर सर्वांवर शस्त्रक्रिया करावी लागली होती.

या रचनेतील उणीव लक्षात घेण्यासारखी आहे. विभागणी यादृच्छिक नव्हती, आणि ज्या गटातील सर्वांवर अखेर शस्त्रक्रिया झाली, तोच तुलनेस घेतल्यावर नव्या उपचाराची सरशी होणे ओघानेच आले. पुढे २००१ साली त्याच परंपरेतील संशोधकांनी ४४ रोग्यांची यादृच्छिक विभागणी करून दोन प्रकारच्या व्यायामांची तुलना केली. तेव्हा ताणत भार झेलण्याच्या व्यायामाने ८२ टक्के, तर स्नायू आखडत भार उचलण्याच्या व्यायामाने ३६ टक्के रोगी समाधानी झाले. २००७ साली सयाना आणि मफुली यांनी खेळाडू नसलेल्या ३४ रोग्यांवर हाच व्यायाम अजमावला, तेव्हा त्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना त्याने गुण आला नाही. शंभर टक्क्यांपासून निघालेला आकडा असा खाली येत गेला.

म्हणून मूळ निबंध टाकाऊ ठरतो काय? मुळीच नाही. व्यायाम किती वेळा, किती भाराने आणि किती दिवस करावयाचा, हे त्यात इतके नेमके सांगितले होते की, कोणाही वैद्याला तो जसाच्या तसा करवून घेता आला. त्याचे निर्देश वाढण्याचे हे एक उचित कारण होय. परंतु येथेच एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. व्यायामाची कृती सांगण्यासाठी त्याचा निर्देश करणे निराळे आणि तो व्यायाम हमखास गुणकारी आहे याचा पुरावा म्हणून निर्देश करणे निराळे. संख्या मोजणारे यंत्र या दोन्ही निर्देशांना सारखाच एक अंक देते.

दुसरे उदाहरण रोग्याच्याच रक्तातून काढलेल्या, बिंबाणूंनी समृद्ध अशा रक्तद्रवाच्या टोचणीचे. मिश्रा आणि पॅव्हेल्को यांच्या २००६ सालच्या निबंधात कोपराच्या जुनाट कंडरादुखीचे २० रोगी होते. १५ जणांना ही टोचणी दिली आणि पाच जण तुलनेस ठेवले. आठ आठवड्यांनी पहिल्या गटात वेदना ६० टक्क्यांनी, तर दुसऱ्या गटात १६ टक्क्यांनी कमी झाल्या. यानंतर पाचांपैकी तिघे तुलनागटातून बाहेर पडले. साहजिकच पुढील दोन वर्षांच्या निकालाला तुलना अशी उरली नाही. २००७ साली स्पेनमधील एका गटाने तुटलेल्या अकिलीझ कंडरेची शस्त्रक्रिया झालेल्या बारा खेळाडूंचा, म्हणजे सहा विरुद्ध सहा असा, अभ्यास प्रसिद्ध केला आणि तोही अनुकूल निघाला. या उपचाराविषयी जगभर जे कुतूहल निर्माण झाले, त्याच्या मुळाशी असे लहान अभ्यास होते.

२०१० साली नेदरलँड्समधील द फोस आणि सहकारी यांनी जुनाट अकिलीझ-व्याधीच्या ५४ रोग्यांत या टोचणीची तुलना साध्या मिठाच्या पाण्याशी केली. कोणास काय मिळाले हे रोग्यालाही ठाऊक नव्हते आणि निकाल नोंदविणाऱ्यालाही नव्हते. चोवीस आठवड्यांनी शंभर गुणांच्या मापावर एका गटाची सुधारणा २१.७, तर दुसऱ्याची २०.५ होती; म्हणजे फरक नाहीच. सुधारणा दोन्ही गटांत झाली, हे येथे विशेष बोधप्रद आहे. तुलनागट नसता तर हाच अभ्यास टोचणीच्या यशाची ग्वाही म्हणून मिरविला गेला असता. पुढे ब्रिटनमध्ये कंडरा तुटलेल्या २३० रोग्यांवरील (२०१९) आणि जुनाट व्याधीच्या २४० रोग्यांवरील (२०२१) चाचण्यांतही या टोचणीचा फायदा दिसला नाही. मोठे आणि काटेकोर अभ्यास येईपर्यंत दहा-बारा वर्षे गेली. त्या काळात लहान अभ्यासांचे निर्देश वाढतच होते आणि रोगी पदरचे पैसे वेचून टोचून घेत होते.

निर्देशातून अर्थाचा पालट

निर्देश करताना मूळ विधानाचा आशय बदलणे, हा आणखी एक धोका होय. कन्नुस आणि योझा यांचा १९९१ सालचा निबंध या क्षेत्रात आधारस्तंभ मानला जातो. आपोआप तुटलेल्या ८९१ कंडरांची त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली आणि ९७ टक्क्यांत झिजेचे बदल पाहिले. एवढेच उद्धृत केले तर झीज हेच तुटण्याचे कारण, असा समज होतो. परंतु त्याच निबंधात तुलनेसाठी तपासलेल्या ४४५ निरोगी व्यक्तींच्या कंडरा आहेत आणि त्यांतील ३४ टक्क्यांत झिजेचे बदल आढळले, ही गोष्टही नमूद आहे. झिजेसह कंडरा अखंड राहू शकते, हे या दुसऱ्या आकड्यावरून दिसते. दोन्ही आकडे मिळूनच निष्कर्ष पुरा होतो. एकट्या पहिल्या आकड्याने तो लंगडा पडतो.

असे अर्धे विधान एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ लागले म्हणजे त्याचे सत्य कसे बनते, हे कंडरांच्या क्षेत्राबाहेरील एका अभ्यासात स्पष्ट दिसते. स्नायूंच्या एका रोगाविषयीच्या एकाच विधानाचा स्टीव्हन ग्रीनबर्ग यांनी २४२ निबंध आणि ६७५ निर्देश तपासून पाठपुरावा केला आणि तो २००९ साली प्रसिद्ध केला. विधानास प्रतिकूल पुरावा देणारे निबंध अनुल्लेखाने बाजूस पडले होते आणि शंका म्हणून मांडलेली गोष्ट निर्देशांच्या साखळीत सिद्धांत होऊन बसली होती. साखळीतील प्रत्येक लेखकाने मागच्याचा हवाला दिला होता. मूळ पुरावा मात्र तेवढाच राहिला होता.

गुणपद्धतीच्याही मर्यादा

तर मग संदर्भसंख्येऐवजी कोलमन-गुण मोजावेत, असे कोणी म्हणेल. त्यातही सावधगिरी हवी. या पद्धतीत शस्त्रक्रियेच्या वर्णनालाही गुण आहेत आणि रोग्यांच्या संख्येलाही. एका बाबतीतील उत्कृष्टतेने दुसऱ्या बाबतीतील गंभीर दोष बेरजेत झाकला जातो. यादृच्छिक विभागणीचे १५ गुण गमावलेला निबंध अन्य निकषांवर ८५ पर्यंत पोहोचू शकतो.

चांगल्या संशोधनाचे फळ एका आकड्यात मावत नाही, याचे उत्तम उदाहरण नॉर्वेमधील २०२२ सालच्या चाचणीने दिले आहे. तुटलेल्या अकिलीझ कंडरेच्या ५५४ रोग्यांची तेथे तीन गटांत यादृच्छिक विभागणी केली : शस्त्रक्रियेविना उपचार, उघडी शस्त्रक्रिया आणि लहान छेदाची शस्त्रक्रिया. वर्षभरानंतर रोग्यांनी स्वतः दिलेल्या गुणांत तीनही गट सारखेच होते. तथापि कंडरा पुनः तुटण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेविना ६.२ टक्के आणि प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर ०.६ टक्का होते. उलटपक्षी मज्जातंतूंच्या इजेचे प्रमाण शस्त्रक्रियेविना ०.६, उघड्या शस्त्रक्रियेत २.८ आणि लहान छेदाच्या शस्त्रक्रियेत ५.२ टक्के होते. “शस्त्रक्रियेने फरक पडत नाही” असे एका ओळीत सांगून या चाचणीचा निर्देश करणारा लेखक तिचा अर्धाच आशय वाचकापर्यंत नेतो. पुनः तुटण्याची भीती आणि बधिर पावलाची भीती यांत कोणती पत्करावयाची, हा निर्णय रोग्याचा आहे. आणि त्यासाठी त्याला सर्व आकडे हवे असतात.

उपसंहार

या विवेचनावरून संदर्भसंख्या निरुपयोगी आहे, असे ठरत नाही. एखाद्या निबंधाने किती लोकांना काम दिले, कोणती कृती प्रचारात आणली, कोणत्या वादाला तोंड फोडले, हे ती सांगते. निष्कर्ष खरा आहे की नाही, हे मात्र ती सांगू शकत नाही. कंडरांच्या अभ्यासात तर जो आकडा अधिक सुखावणारा, त्याच्या पद्धतीकडे अधिक कठोरपणे पाहावे, असाच आजवरच्या चिकित्सांचा इशारा आहे.

प्रबंधासाठी पूर्वसंशोधनाचा आढावा लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने यातून काही साध्या गोष्टी निघतात. निर्देश करावयाचा तो निबंध मुळातून वाचावा. दुसऱ्याच्या आढाव्यातील वाक्य उचलू नये. निर्देश कृतीसाठी आहे, व्याख्येसाठी आहे की पुराव्यासाठी आहे, हे वाक्याच्या रचनेतच स्पष्ट करावे. पुराव्यासाठी असल्यास रोग्यांची संख्या, विभागणीची रीत आणि निकाल कोणी नोंदला, एवढे तरी सोबत सांगावे. गाजलेल्या निबंधाच्या शेजारी त्यास प्रतिकूल ठरलेल्या उत्तरकालीन निबंधास स्थान द्यावे. गारफील्ड यांनी संदर्भसूची कल्पिली ती याच शेवटच्या कामासाठी; त्या कामासाठी ती आजही तितकीच उपयोगी आहे.

आढाव्यातील ओळ ही केवळ परीक्षकासाठी लिहिलेली नसते. ती पुढच्या आढाव्यात जाते, तेथून पाठ्यपुस्तकात आणि पाठ्यपुस्तकातून रुग्णालयातील तपासणीच्या खोलीत. तेथे टाच धरून बसलेल्या रोग्याला “याने बहुतेकांना गुण येतो” असे जे सांगितले जाते, त्या ‘बहुतेक’ शब्दाचा उगम कधी पंधरा, तर कधी वीस माणसांच्या अभ्यासात असतो. तो उगम ज्याने स्वतः पाहिला आहे, त्यालाच तो शब्द प्रामाणिकपणे वापरता येतो.